राजाची एकच उडी

माझं पोटच संशयावर चालतं. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. मशीनवरून आलेला पार्ट कितीही चकचकीत असू दे, तो बरोबर आहे असं आधी धरायचंच नाही, हे आमचं काम. ऑपरेटर म्हणतो, मॅडम, एकदम ओके आहे. मी म्हणते, असेल, पण मोजू दे. इतकी वर्षं हे केल्यावर ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून घरी येता येत नाही. दूधवाला, भाजीवाल्याचा काटा आणि नवऱ्याचं 'दहा मिनिटांत पोचतो' या सगळ्यांवर मी सारखाच संशय घेते, आणि बहुतेक वेळा बरोबर निघते.

सासरे त्यातून बरीच वर्षं सुटले होते, कारण ते पाचोडला राहत होते. सासूबाई गेल्या आणि आम्ही आबांना उस्मानपुऱ्यात आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. आले तेही अर्धेच. दर आठवड्याला पाचोडच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच टोपी घालून, पिशवी घेऊन ते बीडच्या गाडीत बसायचे. तिथली मोसंबीची बाग एकाला बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलेली होती, तिच्यावर नजर टाकायचे, बाजारात फिरायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. बाकीचे दिवस बाल्कनीत बसून त्या एका दिवसाची वाट बघायचे. तसं त्यांनी कधी म्हटलं नाही. पण आदल्या संध्याकाळी पिशवी उलटी करून झटकायचे आणि दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवायचे, त्यावरून कळायचं.

आमचं बोलणं चहा, गोळी आणि पाणी यांपुरतं. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज खाली ठेवायचा, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, ते आपोआप होतं. आबांविषयी मला पक्की ठाऊक असलेली एकच गोष्ट होती. त्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांना शुगर आहे, आणि बाजारात गोडीशेवेचा ढीग दिसला की त्यांचे पाय तिथेच थांबतात. घरी आल्यावर मी विचारायची, आबा, गोड खाल्लं का? ते मान वर करून पंख्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाय बा." पंखा बंद असला तरी बघायचे. मला तेवढं मोजमाप पुरायचं.

मग क्रांती चौकाच्या उतारावर माझी स्कूटी घसरली आणि घोट्याला प्लास्टर बसलं. मुलगा पुण्याला शिकायला, नवरा सकाळी कंपनीत. दिवसभर घरात मी, आबा आणि टीव्ही. टीव्ही आबांना आवडत नाही आणि मला आबांसमोर बघवत नाही. असे काही दिवस गेले. एका दुपारी आबांनी त्यांच्या ट्रंकेतून एक घडी केलेलं कापड आणि एक थैली आणली. कापडावर चौकटी शिवलेल्या होत्या, थैलीत लाकडी मोहरी. हत्तीची सोंड झिजून गेलेली, एका घोड्याला कानच नव्हता.

"येतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, पण शिकवा.

त्यांची शिकवण्याची पद्धत मला पहिल्या दिवसापासून खटकली. आमच्याकडे आधी ड्रॉइंग हातात येतं, मग पार्ट. कुठलं माप किती, कितीपर्यंत इकडे तिकडे चालेल, सगळं आधी ठरलेलं. मी म्हटलं, आबा, आधी सगळे नियम सांगून टाका, मग खेळू. ते म्हणाले, खेळता खेळता कळतं. हत्ती सरळ, उंट तिरपा, घोडा अडीच घरं, वजीर कसाही, राजा एकच घर आणि प्यादं पायी चालतं. एवढ्यावर त्यांनी पहिली चाल केली. मी विचारलं, अजून काही? ते म्हणाले, येईल तसं बघू.

'येईल तसं बघू' हे वाक्य ज्या पुरवठादारानं उच्चारलं, त्याचा माल मी कायम दोनदा तपासला आहे.

आबा जिंकत राहिले, त्याचं मला काही नाही. शिकाऊ माणूस हरतोच. पण मला हरायची सवय नाही, म्हणून दुपारी आबा लवंडले की मी फोनवर बुद्धिबळ खेळायला लागले. फोनवाला खेळ शिस्तीचा होता. चुकीची चाल केली की मोहरं हलतच नसे. त्यानं मला एक नवीन गोष्ट दाखवली. प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं. संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत प्यादं दोन घरं पुढे टाकलं. आबांनी ते उचलून एक घर मागे ठेवलं. पायी चालणारा गडी दोन घरं कसा जाईल, असं म्हणाले. मी म्हटलं, पहिल्यांदा जातो. ते म्हणाले, कुणाचा जातो? मी फोनचं नाव काढलं नाही. चोरून सराव करतेय हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. पण मनात पाल चुकचुकली.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बसायला लागले. आणि मग तो डाव आला. मी त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. अजून शह दिलेला नव्हता, पण पुढच्या चालीला शह आणि तिथेच मात, हे मला लख्ख दिसत होतं.  आबांनी शांतपणे राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं टाकून माझ्या हत्तीच्या पलीकडे नेऊन ठेवला.

मी म्हटलं, आबा, हा राजा आहे.

"व्हय. राजाला डावात एकदा घोड्यावानी उडी मारता येती."

एकदा. आणि ते मला आज, या चालीला सांगतायत. इतके दिवस ही उडी कुठे होती? मी विचारलं, तेव्हा म्हणाले, गरज पडली नव्हती. गरज पडली नव्हती, कारण मी हरत होते.  तो डाव अर्थातच मी हरले.

मग एकेक नियम बाहेर पडायला लागला, आणि प्रत्येक नियम नेमका आबा अडचणीत आले की बाहेर पडायचा. माझं एक प्यादं सगळ्यांच्या हातून सुटून शेवटच्या घरापाशी पोचलं. फोनवर अशा प्याद्याचा वजीर होतो, मी वजिराचीच वाट बघत होते. आबा म्हणाले, हे उंटाचं घर आहे, इथे प्यादं गेलं तर उंट होईल. मी म्हटलं, ठीक, उंट तर उंट. तर म्हणे, तुझे दोन्ही उंट अजून जिवंत आहेत, म्हणून आत जाता येणार नाही, एखादा मरेपर्यंत अलीकडच्या घरात थांब. माझं प्यादं तिथे सरकारी कचेरीबाहेर बसल्यासारखं बसून राहिलं, आणि दोन चालींनी आबांच्या घोड्यानं ते खाल्लं.

यात कुठेतरी पाणी मुरतंय याची माझी खात्री झाली. अडचण एकच होती. हे सगळं सांगताना आबा पंख्याकडे बघत नव्हते. सरळ पटाकडे, नाहीतर सरळ माझ्याकडे बघून सांगायचे. मी स्वतःला समजावलं की गोडीशेव वेगळी आणि बुद्धिबळ वेगळं. खेळात माणूस सराईत होतो.

कळस झाला तो पुढच्या आठवड्यात. मी दिवसभर विचार करून, एकही चूक न करता, त्यांचं एकेक मोहरं टिपलं. हत्ती गेले, वजीर गेला, शेवटी प्यादीही गेली. पटावर आबांचा राजा एकटा उरला. माझ्याकडे दोन हत्ती आणि एक उंट. आता मात म्हणजे पोरखेळ होता. मी शेवटचं प्यादं उचललं आणि आबांनी राजा आडवा केला.

"बुर्जी झाली," ते म्हणाले. "बरोबरी."

मी म्हटलं, बरोबरी कशी? तुमच्याकडे काहीच नाही.

"म्हनूनच बरोबरी. गड्याचं सगळंच खाल्लं तर मग जितलं आसं धरत नाय."

मी उठले. प्लास्टरच्या पायानं जितकं ताडकन उठता येतं तितकं. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. साठ-सत्तर वर्षं शेती केलेला, गावात मान असलेला माणूस सुनेकडून एक डाव हरायला नको म्हणून असली लबाडी करतो, याचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना चहा दिला तोही न बोलता.

जेवताना मी नवऱ्याकडे तक्रार केली. नवरा कॉलेजच्या हॉस्टेलवर बुद्धिबळ खेळलेला. सुरुवातीला त्यानं माझीच चेष्टा केली. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाला. पण मी एकेक नियम सांगत गेले तसा त्याचा घास हळू झाला. राजाला उडी? प्याद्याचा उंट? एकटा राजा राहिला की बरोबरी? असले नियम कुठेही नाहीत, तो म्हणाला. मी म्हटलं, तेच तर, धडधडीत खोटं बोलतात. त्यानं विचारलं, सांगताना पंख्याकडे बघतात का? तो त्यांचाच मुलगा, त्यालाही ते माहीत होतं. मी म्हटलं, नाही.

मग आबा बाल्कनीत आहेत ना हे बघून, आवाज उतरवून तो बोलला. खोटं बोलत नसतील आणि नियमही खरे नसतील, तर आबांना ते खरे वाटतायत. त्यानं मनात बरंच साठवलेलं होतं. मागच्या पाण्याच्या दिवशी आबांनी मोटर चालू ठेवली आणि टाकी भरून पाणी वाहून गेलं. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते ज्याला माहीत आहे त्याला हा गुन्हा केवढा ते वेगळं सांगायला नको. मध्यंतरी ते पाचोडला जायला निघाले आणि आधीच आडूळला उतरले, एका नातेवाइकानं त्यांना तिथे पिशवी घेऊन उभं पाहिलं. आणि सकाळी एकदा चहाला बसताना 'तुझ्या सासूला दे आधी' म्हणाले. ते अजून औरंगाबादच म्हणतात हेही तो यादीत घालणार होता. मी म्हटलं, तेवढ्यावरून ठरवायचं झालं तर आपली अर्धी गल्ली ॲडमिट करावी लागेल. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांकडे नंबर लावला. पंधरवड्यानंतरची तारीख मिळाली. तोपर्यंत आबांनी एकट्यानं पाचोडला जायचं नाही, आणि तपासणीत काही निघालं तर पुढेही नाही. त्यानं खुंटीवरची पिशवी काढली आणि कपाटात ठेवली. आबांना सांगितलं की ऊन फार आहे. आबांनी ऐकून घेतलं. मुलासमोर विनवण्या करणारे ते नव्हेत. पण बाजाराच्या दिवशी सकाळी ते टोपी घालून बाल्कनीत बसले होते, आणि दुपारपर्यंत टोपी काढली नव्हती.

ती टोपी मला बघवेना. सगळं माझ्या तक्रारीवरून सुरू झालं होतं. आणि माझ्या तक्रारीवर कुठलीही वस्तू नीट मोजल्याशिवाय बाद झालेली मला चालत नाही, मग माणूस तर दूरच. मी मोजायला घेतलं.

आमच्याकडे एक साधी रीत आहे. मापावर संशय आला तर तेच माप पुन्हा घ्यायचं, दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी. मापक बिघडलेला असेल तर आकडा दर वेळी वेगळा येतो. मी आबांना तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारायला लागले. सकाळी भाजी निवडताना, दुपारी मोहरी मांडताना, मध्येच टीव्हीवर बातम्या चालू असताना. राजाची उडी किती वेळा? शह बसल्यावर मारता येते का? प्यादं हत्तीच्या घरात गेलं तर? आधी मुद्दाम चुकीचं सांगायची, म्हणजे बघू सुधारतात का. आबा दर वेळी तेच सांगायचे, शब्दसुद्धा तेच. एकदा वैतागून म्हणाले, मी तुला शिकवतोय का तू मला? मला आतून बरं वाटलं. पण खोटं बोलणारा माणूसही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू शकतो, म्हणून हे पुरेसं नव्हतं. दुसरा मापक हवा होता.

प्लास्टर निघालं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, या बाजाराला मी आबांना घेऊन जाते, मी सोबत आहे, मग काय? त्यानं आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग कपाटातून पिशवी काढून दिली.

बसमध्ये आबा खिडकीशी बसले. आडूळ आलं तेव्हा मी तिरक्या नजरेनं बघत होते. त्यांनी थांब्याकडे एकदा निरखून पाहिलं, पण जागचे हलले नाहीत. पाचोडला उतरल्यावर ते माझ्यापुढे चालायला लागले, इतक्या झपाझप की लंगडत मला गाठता येईना. बाजाराच्या कडेला एका बंद दुकानाच्या ओट्यावर पांढऱ्या शर्टातले एक म्हातारे बसले होते. पुढे पट मांडून तयार.

"जयभीम गुरुजी," आबा म्हणाले.

"राम राम, या," ते म्हणाले. "वाटलं, शेहरात इसरले आमाला."

हे गावच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. दोघं गेली कितीतरी वर्षं दर बाजाराला इथे बसत आलेले. म्हणजे आबांची मोसंबी आणि बाजारहाट हे सगळं दुय्यम होतं, आबा इथे यायला निघायचे. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

मी डाव बघत बसले. पण बघून माझं समाधान होत नाही. दोन जुने मित्र एकमेकांची लबाडी चालवून घेऊ शकतात. म्हणून आबा चहा सांगायला उठले तसे मी गुरुजींना एकटं गाठलं आणि कुठलाही इशारा न देता विचारलं की राजाला काही खास चाल असते का.

"घोड्याची उडी. एकदाच," गुरुजी म्हणाले. "तीबी शह बसायच्या आधी. एकदा शह बसला का मग राजानं पायीच चालायचं."

शह बसायच्या आधी. हे आबांनीही सांगितलं होतं, अगदी याच क्रमानं. प्याद्याचं विचारलं, तेच उत्तर. शेवटी बुर्जीचं विचारलं. गुरुजींनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं.

"सगळं खाऊन मंग मात केली तर ती कसली मात? समोरच्याकडं कायतरी ठेवावं लागतं बाई. त्याच्याकडं काय हाये तवर त्यो खेळतोय."

मग त्यांनीच सांगितलं की फोनात पोरं खेळतात तो वेगळा, हा आपला देशी डाव, आणि आता तो खेळणारे तालुक्यात बोटावर मोजण्याइतके उरलेत. एक आडूळला आहे, तो अंथरुणाला खिळलाय. आबा मध्ये उतरून त्याच्या उशाशी एक डाव मांडून यायचे. मागे गेले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलेलं होतं, आबा बंद दारापाशी बराच वेळ उभे राहिले होते. मला तिथेच रडू आलं, आणि मी ओढणीनं डोळे पुसले. लबाड नाहीत, वेडे नाहीत, आजारी नाहीत. त्यांना जे येत होतं ते आमच्या घरात फक्त कुणाला माहीत नव्हतं.

येताना आबांनी गोडीशेव घेतली. मी बघितलं नाही असं केलं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी भांडले. रागानं नाही, पण सोडलं नाही. सगळं सांगितलं, गुरुजी, आडूळ, नियम. तो म्हणाला, बुद्धिबळाचं ठीक आहे, पण उद्या रस्त्यात काही झालं तर? मोटर चालू राहिली त्याचं काय? सासूबाईंच्या चहाचं काय? मी म्हटलं, मोटर एकदा माझ्याकडूनही राहिली होती, आणि सासूबाईंचा चहा माझ्याही हातून अजून कधीकधी टाकला जातो. मग मी त्याला बुर्जी समजावून सांगितली.

"आई गेली, गावचं घर बंद झालं, बाग दुसऱ्याच्या हातात गेली," मी म्हणाले. "हा एक दिवस राहिलाय त्यांच्याकडे. तोही उचललास तर आपण त्यांना सांभाळलं असं कुणी धरत नाही."

 सकाळी डॉक्टरांचा नंबर त्यानं फोन करून रद्द केला. मला म्हणाला, तुझ्या शब्दावर. मी म्हटलं, माझ्या शब्दावर. मोटरचं माप राहिलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बाकी सगळी मापं इतकी बरोबर आली होती की एकासाठी कोण अडवणार? पिशवी पुन्हा खुंटीवर गेली.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. मी कामावर रुजू झाले, पण संध्याकाळचा एक डाव ठरलेला. फोनवरचा खेळ मी काढून टाकला. देशी डावात माझा हात बसायला लागला. जिंकताना समोरच्याचं एखादं प्यादं राखायचं, शक्य तर आपल्या प्याद्यानं मात द्यायची, त्याच्याइतका मान कशालाच नाही, हे सगळं अंगवळणी पडलं. एकदा मी आबांना प्याद्यानं मात दिली. त्यांनी पट तसाच ठेवला आणि नवरा आल्यावर त्याला दाखवला. आवाज खाली ठेवायचं माझं केव्हा सुटलं ते मला कळलंही नाही.

मग परवाची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी बाजार होता. आबांनी पिशवी झटकून खुंटीला लावली आणि आम्ही बसलो. डावाच्या सुरुवातीलाच माझ्या उंटानं त्यांची वाट अडवली, तेव्हा आबांनी राजाची उडी वापरून टाकली. मला नवल वाटलं, कारण उडी ते शेवटपर्यंत राखून ठेवतात. असो म्हटलं, आपला फायदा. पुढे बराच वेळ डाव रंगला. मी हत्ती लावून राजा कोपऱ्यात दाबत आणला. शह अजून दिला नव्हता. आबांनी पटाकडे बघत हनुवटी खाजवली, राजा उचलला आणि अडीच घरं टाकून पलीकडे ठेवला.

मी वाट बघितली. वाटलं, गंमत करतायत, आता हसतील. ते माझ्या चालीची वाट बघत बसले.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, राजाची उडी किती वेळा असते?"

"एकदाच. कितीदा सांगू तुला?"

"मग आज?"

"आज ही आत्ताच मारली की. आजून राखून ठिवली व्हती."

नियम बरोबर होता. शब्दही तेच होते. मापक अगदी बरोबर आकडा दाखवत होता. फक्त अर्ध्या तासापूर्वी मारलेली उडी त्यांच्याकडे नव्हती.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. डोक्यावर पंखा गरगरत होता. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा आबा. एकदा वर बघा. लबाडी करा, सुनेला फसवा, हवा तसा नियम फिरवा, मी भांडी आपटीन, चहा न बोलता देईन, पण वर बघा. आबा सरळ माझ्याकडे बघत होते. डोळे स्वच्छ.

"काय झालं? चाल की," ते म्हणाले.

मी हत्ती उचलला आणि भलत्याच घरात ठेवला. तो डाव मी हरले. आबा खूश झाले, म्हणाले, आज तुझं ध्यान नाही. नवरा आत कपडे बदलत होता. डावाचं कसं झालं, त्यानं आतून विचारलं. मी म्हटलं, आबा जिंकले. ते खरंच होतं.

आबा मोहरी थैलीत भरायला लागले. कान नसलेला घोडा त्यांनी नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी टाकला.

"आबा," मी म्हटलं, "उद्या पाचोडला मीबी येते."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे संशयानं बघितलं त्यांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुला कामून?"

"बाजारात भाजी ताजी मिळते म्हणून," मी म्हणाले, आणि वर पंख्याकडे बघत राहिले.